चित्रांच्या सरहद्दी

नंदुरबार जिल्ह्याच्या पश्चिम टोंकाला नवापूर नांवाचें रेल्वेस्थानक आहे. १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याचे महाराष्ट्र व गुजरात असे दोन भाग झाले, तेव्हां नवी सरहद्द या स्थानकाच्या फलाटावरूनच गेली. तिकिटांची खिडकी महाराष्ट्रांत आणि स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेंत, अशी तेथील व्यवस्था आहे. गाडीची सूचना मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत होते, आणि एका बांकाचा अर्धा भाग एका राज्यांत तर अर्धा दुसऱ्यांत आहे. परंतु सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी या सरहद्दीपाशीं अडत नाहीं, कारण दोन्ही बाजूंच्या रुळांतील अंतर एकच, साडेपांच फूट, आहे. ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनीनें सन १९०० च्या सुमारास सुरत ते अमळनेर हा मार्ग पुरा केला, तेव्हां हें माप घेतलें. पुढें कंपनी गेली, राज्यकर्ते बदलले, राज्यांच्या सीमा बदलल्या. माप तेंच राहिलें.

याच मुलुखाच्या दक्षिणेस बिलिमोऱ्याहून डांगांतील वघईकडे जाणारी एक रूळवाट आहे. तिचें अंतर अवघें अडीच फूट. बिलिमोऱ्याला नकाशावर राज्यांची सीमारेषा नाहीं, कोणी पहारेकरीहि उभा नाहीं. तरी मोठ्या गाडीचा डबा तेथून पुढें डांगांत जाऊं शकत नाहीं. मालाला एका डब्यांतून उतरून दुसऱ्यांत चढावेंच लागे.

सरहद्दी अशा दोन जातींच्या असतात. एक राजसत्तेनें आंखलेली, दुसरी मापांच्या भेदानें पडलेली. हलत्या चित्रांच्या जगांत विसाव्या शतकांत दुसऱ्या जातीच्या सरहद्दी पडल्या, आणि शतक संपतां संपतां त्यांत एका तिसऱ्या जातीची भर पडली. मापें जुळत असतांनाहि व्यापाऱ्यानें मुद्दाम लावलेल्या कुलपाची ती जात. डी. व्ही. डी. तबकडी यंत्रांत घातल्यावर पडद्यावर चित्राऐवजीं नकाराची पाटी आली, म्हणजे घरांतील माणसें 'हें आपल्या टी. व्ही. ला जुळत नाहीं' असें म्हणत. पुष्कळदां तें खरें नसे. चित्र जुळत असे, परवानगी नसे. या दोन गोष्टींची जी गल्लत झाली, तिचा भुर्दंड घरोघरच्या प्रेक्षकाला पडला. म्हणून दोहोंचा इतिहास वेगवेगळा जाणून घेणें इष्ट आहे.

मापांच्या भेदाचें मूळ विजेंत सांपडतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत वेस्टिंगहाउस कंपनीनें सेकंदाला ६० आवर्तनें करणारी वीज पसंत केली, तर जर्मनींत ए. ई. जी. कंपनीनें ५० आवर्तनांचें माप धरलें. पुढें युरोप खंड ५० च्या बाजूस गेलें, आणि भारतहि त्याच बाजूस आहे. उत्तर अमेरिका ६० कडे राहिली. दिव्याच्या उजेडांत हा भेद डोळ्यांना दिसत नाहीं. दूरचित्रवाणी आली तेव्हां मात्र तो पडद्यावर उतरला.

दूरचित्रवाणीचें चित्र छायाचित्राप्रमाणें एकदम उमटत नाहीं. जुन्या कांचेच्या नळींत इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक रेषा काढीत वरून खालीं येई. शाळकरी मुलगा पाटीवर ओळी लिहीत जातो तसा. प्रथम पहिली, तिसरी, पांचवी अशा विषम रेषा, मग सम रेषा, अशा दोन खेपांत एक चित्र पुरें होई. सेकंदाला किती खेपा घ्याव्या, हें ठरवितांना आरंभींच्या यंत्रज्ञांनीं घरांत येणाऱ्या विजेचेंच माप घेतलें. कारण दोन मापें निराळीं असतीं तर विजेचा गुणगुणाट पडद्यावर पट्ट्यांच्या रूपानें सरकत राहिला असता. म्हणून अमेरिकेंत सेकंदाला ६० खेपा, म्हणजे ३० चित्रें. आणि युरोपांत ५० खेपा, म्हणजे २५ चित्रें.

रेषांची संख्या ठरविण्यांत बराच काळ गेला. ब्रिटननें २ नोव्हेंबर १९३६ रोजीं लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केलें. त्याच्या चित्रांत पुढें ४०५ रेषांचें माप कायम झालें. अमेरिकेंत १९४१ सालीं एका राष्ट्रीय समितीनें ५२५ रेषा ठरविल्या, आणि त्या समितीच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून एन्. टी. एस्. सी. हें नांव रूढ झालें. युद्धानंतर फ्रान्सनें ८१९ रेषांचा हट्ट धरून पाहिला; पण युरोपचा बहुतेक भाग शेवटीं ६२५ रेषांवर स्थिरावला, आणि ब्रिटन व फ्रान्स हेहि कालांतरानें त्याच मापाला येऊन मिळाले.

येथें एक हिशेब पाहण्यासारखा आहे. ५२५ ला ३० नें गुणिलें तर १५,७५० येतात. ६२५ ला २५ नें गुणिलें तर १५,६२५. म्हणजे सेकंदाला काढावयाच्या रेषा दोहोंकडे जवळजवळ सारख्याच. एकानें चित्रें अधिक घेऊन रेषा कमी केल्या, दुसऱ्यानें रेषा अधिक घेऊन चित्रें कमी केलीं. एकाची हालचाल अधिक सफाईची झाली, दुसऱ्याच्या चित्रांत बारकावा अधिक आला. दोघांनींहि हातीं असलेल्या विजेशीं व यंत्रांशीं प्रामाणिक राहून हिशेब केला होता.

रंग आले तेव्हां भेद आणखी वाढला. १९५३ च्या डिसेंबरांत अमेरिकेनें रंगीत चित्रांची पद्धति मान्य केली. लोकांच्या घरचीं काळीं-पांढरीं यंत्रें निरुपयोगी होऊं नयेत, अशी अट होती. ती यंत्रज्ञांनीं मोठ्या कौशल्यानें पाळली. उजेड-अंधाराचें मूळ चित्र जसेंच्या तसें ठेवून त्याच्या अंगावर एक बारीक लहर चढविली, आणि ती लहर ठरल्या वेळेपेक्षां किती पुढें वा मागें आहे यांत रंगाची छटा सांठविली. दोष एवढाच कीं, वाटेंत ती लहर थोडी मागेंपुढें झाली तर छटा बदले, आणि निवेदकाचा चेहरा हिरवट वा जांभळट दिसूं लागे.

यावर तोड काढली ती जर्मनीच्या टेलिफुंकेन कंपनींतील वाल्टर ब्रूख यांनीं. त्यांनीं एक रेषा सोडून दर दुसऱ्या रेषेंत रंगाच्या लहरीचा एक भाग उलटा केला. त्यामुळें एका रेषेंत छटा जेवढी एका बाजूस चुके, तेवढीच पुढच्या रेषेंत दुसऱ्या बाजूस चुके, आणि दोहोंची सरासरी घेतली कीं खरी छटा हातीं येई. तराजूचा खोटेपणा टाळण्यासाठीं सराफ तोच जिन्नस आळीपाळीनें दोन्ही पारड्यांत घालून तोलतो, त्यांतलाच हा प्रकार. या पद्धतीचें नांव पाल. १९६३ च्या आरंभीं तिचें प्रात्यक्षिक झालें आणि २५ ऑगस्ट १९६७ पासून पश्चिम जर्मनींत ती रीतसर सुरू झाली. फ्रान्समध्यें आंरी द फ्रांस या यंत्रज्ञानें सेकाम नांवाची तिसरी पद्धति रचली होती. तींत रंगाच्या दोन खबरा आळीपाळीनें एकेका रेषेबरोबर पाठवीत. १९६६ सालीं ऑस्लो येथें युरोपांतील राष्ट्रांनीं एकमत करण्याचा यत्न केला, तो फसला. फ्रान्स व सोव्हिएत रशिया सेकामकडे गेले, पश्चिम युरोपचे बाकीचे देश पालकडे. शास्त्राच्या वादांत येथें राष्ट्राभिमानाचाहि अंश मिसळला होता, हें नाकारतां येत नाहीं.

भारतांत दूरचित्रवाणीचा पहिला प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लींत झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. ५० आवर्तनांची वीज असल्यामुळें भारतानें ६२५ रेषा व २५ चित्रें हें माप घेतलें, आणि १९८२ सालीं रंगीत प्रक्षेपण सुरू झालें तेव्हां पाल पद्धति स्वीकारली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत दिल्लीस झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांनीं रंगीत यंत्रांची हौस शहरोशहरीं पसरविली. शेजारच्या ब्रह्मदेशानें मात्र एन्. टी. एस्. सी. घेतली. म्हणजे ईशान्येकडील डोंगरांत राज्याच्या सीमेबरोबर चित्रांची सीमाहि पडली.

१९८३ च्या ऑगस्टांत इन्सॅट–१बी हा उपग्रह आकाशांत गेला आणि पुढच्या वर्षीं देशभर लहान शक्तीचीं प्रक्षेपण-केंद्रें झपाट्यानें उभीं राहिलीं. त्या वेळीं नंदुरबार हें धुळें जिल्ह्यांतच होतें. तो स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं झाला. तापीकांठच्या सपाटीला लहरी सहज पोंचत. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या अंतर्भागांत सातपुड्याच्या रांगा आड येत, कारण या लहरी सरळ रेषेंत जातात आणि डोंगराला वळसा घालीत नाहींत. परंतु जेथें चित्र पोंचे, तेथें नवापूरच्या दोन्ही बाजूंस तें एकाच मापाचें असे. देशांतील माणसाला पाल हें नांव ठाऊक असण्याची गरजच पडत नसे.

ती गरज पडली परदेशीं गेलेल्या मुलांमुळें. जपानच्या जे. व्ही. सी. कंपनीनें १९७६ सालीं व्ही. एच्. एस्. चित्रफीत बाजारांत आणली, आणि पुढच्या दशकांत लग्नसमारंभांत छायाचित्रकाराच्या जोडीला व्हिडिओवाला दिसूं लागला. याच काळांत अमेरिकेंतील मराठी कुटुंबांची संख्या वाढत होती. तेथील मंडळांना एकत्र आणणारें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालीं स्थापन झालें. धाकट्या बहिणीच्या लग्नाची फीत मायदेशाहून टपालानें न्यू जर्सीला जाई. फितीचा डबा तोच, रुंदी तीच, ती यंत्रांत बरोबर बसेहि. पण पडद्यावर चित्र वर वर घसरत जाई आणि रंग नाहींसे होत. अमेरिकेचें यंत्र ५२५ रेषा व ३० चित्रें शोधीत असे, आणि फितींत ६२५ रेषा व २५ चित्रें होतीं. अशा फितीचें रूपांतर करून देणारीं दुकानें असत. पण त्यांचें मोल पडे आणि चित्राचा कसहि उतरे. म्हणून ज्यांना परवडे ते सर्व पद्धती वाचणारें यंत्र घेत.

हा त्रास खरा होता, पण त्यांत अन्याय नव्हता. गाडीचे डबे बदलावे तसें चित्रहि बदलून घ्यावें लागे, इतकेंच. आणि अशा अडचणीला ज्ञान हा उपाय असतो. यंत्रें सुधारलीं कीं ती आपोआप वितळूं लागते. डी. व्ही. डी. आली तेव्हां ती वितळण्याची वेळ खरोखरच आली होती.

डी. व्ही. डी. चें एकच माप ठरावें म्हणून १९९५ सालीं दोन प्रतिस्पर्धी गटांनीं आपला झगडा मिटविला. १९९६ च्या नोव्हेंबरांत जपानांत आणि १९९७ सालीं अमेरिकेंत पहिलीं यंत्रें विक्रीस आलीं. बारा सेंटिमीटर व्यासाच्या या तबकडींत चित्र आंकड्यांच्या रूपांत असतें. पाल वा एन्. टी. एस्. सी. ची रंगाची लहर तींत मुळींच नसते. ती तबकडी वाजविणारें यंत्र ऐनवेळीं तयार करतें. 'पाल तबकडी' असें जें म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच कीं, तींत ५७६ दृश्य रेषांचीं २५ चित्रें आहेत; आणि 'एन्. टी. एस्. सी. तबकडी' म्हणजे ४८० दृश्य रेषांचीं, सेकंदाला तिसाच्या जवळपास चित्रें. भारतांत व युरोपांत विकलीं गेलेलीं बहुतेक यंत्रें दोन्ही प्रकार वाचीत. अमेरिकेंतील यंत्रें मात्र बहुधा आपलाच प्रकार वाचीत.

मापांचा भेद उरला तो एका मौजेच्या ठिकाणीं. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनीं चालतो. बोलपटांच्या आरंभापासून रूढ झालेलें हें माप १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटाच्या काळापासून टिकून आहे. पालमध्यें सेकंदाला २५ चित्रें हवींत, म्हणून चित्रपट थोडा भरभर चालवितात. त्यामुळें १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत आटोपतो, आणि आवाज मुद्दाम उतरविला नाहीं तर गायिकेचा सूर पेटीवरील एका पट्टीहून थोडा कमी इतका वर चढतो. चांगल्या कानाच्या श्रोत्याला तें जाणवतें. एन्. टी. एस्. सी. त एका चित्राला तीन खेपा, पुढच्याला दोन, अशा रीतीनें २४ चित्रांच्या ६० खेपा करतात. तेथें सूर शुद्ध राहतो, पण कॅमेरा संथपणें बाजूला वळत असतां चित्र किंचित् अडखळतें. भारतीय चित्रपटांच्या पुष्कळशा तबकड्या एन्. टी. एस्. सी. मापांत निघाल्या. देशांतलीं यंत्रें दोन्ही मापें वाचतात आणि अमेरिकेंतलीं एकच वाचतात. तेव्हां जें सर्वत्र चालेल तें घ्यावें, असा हा सरळ व्यवहार होता.

इतकें सारें जुळत आलें असतांना तिसऱ्या जातीची सरहद्द उभी राहिली. चित्रपटांच्या मोठ्या अमेरिकन कंपन्यांनीं जगाचे सहा विभाग पाडले. पहिल्यांत अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें व कॅनडा, दुसऱ्यांत पश्चिम युरोप, जपान, मध्यपूर्व व दक्षिण आफ्रिका, तिसऱ्यांत आग्नेय आशिया, हाँगकाँग व दक्षिण कोरिया, चौथ्यांत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण अमेरिका, पांचव्यांत रशिया, आफ्रिकेचा बहुतेक भाग व भारतासह दक्षिण आशिया, सहाव्यांत चीन. सातवा क्रमांक राखून ठेवला आणि आठवा विमानें व जहाजें यांसाठीं दिला. तबकडीवर आठ खुणांची एक लहानशी नोंद असते, आणि यंत्राच्या पोटांत त्याचा विभाग-क्रमांक असतो. दोहोंचा मेळ बसला तर चित्र, न बसला तर नकार. तबकडीवरील मजकूर गूढलिपींत बांधला होता, आणि ती उलगडण्याची किल्ली हवी असेल त्या कारखानदारानें हें विभागाचें कुलूपहि यंत्रांत बसविलें पाहिजे, असा करार होता. संगणकांतील यंत्रांना १ जानेवारी २००० पासून असा नियम लागला कीं, धन्याला विभाग फार तर पांच वेळां बदलतां यावा. नंतर शेवटचा क्रमांक कायमचा.

हें कुलूप मापांच्या भेदांतून निघालें नव्हतें, याचा पुरावा त्या यादींतच आहे. दुसऱ्या विभागांत पालचें ब्रिटन, सेकामचें फ्रान्स आणि एन्. टी. एस्. सी. चें जपान हीं तिन्ही राष्ट्रें एकत्र आहेत. उलट भारत, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया हे तिन्ही देश पालचे. त्यांच्या यंत्रांत एकमेकांचीं चित्रें निर्वेध चाललीं असतीं. तरी त्यांना पांचवा, दुसरा व चौथा असे तीन निराळे विभाग मिळाले. यंत्रविद्येच्या कोणत्याहि नियमानें अशी वांटणी होत नाहीं. ती होते व्यापाराच्या वहींत.

कंपन्यांची बाजूहि ऐकली पाहिजे. त्या काळीं अमेरिकेंत आधीं प्रदर्शित झालेला चित्रपट इतर देशांत पुष्कळदां कांहीं महिन्यांनीं जाई. अमेरिकेंतील तबकड्या बाहेर आल्या, तर तेथील चित्रगृहांना प्रेक्षक मिळणार नाहींत, अशी भीति होती. शिवाय प्रत्येक देशांतील हक्क निराळ्या व्यापाऱ्याला विकलेले असत, आणि त्याला दिलेलें वचन पाळणें भाग होतें. या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु जो चित्रपट प्रदर्शित होऊन दहा-वीस वर्षें झालीं, त्याच्या तबकडीलाहि तेंच कुलूप कां, याचें समाधान त्यांतून होत नाहीं. देशोदेशीं निराळा भाव ठेवतां यावा, हा लाभ त्यामागें होता, असा आक्षेप घेतला गेला. आणि तो ऑस्ट्रेलियाच्या सरकारी स्पर्धा-आयोगानेंहि उचलून धरला.

मराठी घराच्या दृष्टीनें पाहिलें तर या वांटणीचें स्वरूप चटकन् ध्यानांत येतें. आईबाप नंदुरबारला, म्हणजे पांचव्या विभागांत. थोरला मुलगा दुबईंत, तो दुसऱ्या विभागांत. मुलगी न्यू जर्सींत, ती पहिल्या विभागांत. जांवई कामासाठीं सिंगापूरला, तो तिसऱ्या विभागांत. धाकटा मेलबर्नला शिकावयास, तो चौथ्यांत. एकाच कुटुंबाचे पांच विभाग! मुलीनें वडिलांना तिकडून एखाद्या इंग्रजी चित्रपटाची तबकडी पूर्ण किंमत देऊन, पावती घेऊन पाठवावी, आणि वडिलांच्या यंत्रानें ती नाकारावी. यांत चोरी कोणाचीच झालेली नसे. ज्यानें मोल दिलें तोच अडविला जाई. ज्यानें चोरटी नक्कल घेतली, त्याच्या तबकडीवर कुलूप नसेच.

भारतीय प्रकाशकांनीं मात्र बहुधा हें कुलूप लाविलें नाहीं. त्यांच्या तबकड्या सर्व विभागांस मोकळ्या असत. हिंदी चित्रपट मुंबईबरोबरच लंडनला व दुबईला लागत, आणि त्यांचा प्रेक्षक जगभर विखुरलेला. कुलूप लावून आपलेंच गिऱ्हाईक गमावण्यांत शहाणपण नव्हतें. लहान शहरांत तर बराच काळ व्हिडिओ सी. डी. चेंच राज्य होतें. १९९३ सालच्या या साध्या तबकडीला विभाग-क्रमांकच नव्हता. तींत सुमारें ७४ मिनिटें मावत, म्हणून एका चित्रपटाला दोन वा तीन तबकड्या लागत. पण ती कोणत्याहि यंत्रांत चाले. २००७ सालीं मोझर बेअर कंपनीनें या तबकड्या २८ रुपयांना व डी. व्ही. डी. ३४ रुपयांना विकण्यास आरंभ केला. चोरट्या बाजाराला स्वस्ताई हें उत्तर होऊं शकतें, हें तिनें ताडलें होतें.

कुलुपाचा पुढचा इतिहास कायद्याचा आहे. १९९९ सालीं नॉर्वेंतील पंधरा वर्षांचा योहानसेन हा मुलगा तबकडीची गूढलिपि उलगडणाऱ्या आज्ञावलीमुळें जगाला ठाऊक झाला. त्याच्यावर खटला झाला. स्वतः विकत घेतलेली तबकडी आपल्या संगणकावर पाहणें हा गुन्हा नव्हे, असें ठरून २००३ सालीं तो प्रथम खालच्या व नंतर वरच्या न्यायालयांत निर्दोष सुटला. ऑस्ट्रेलियानें २००६ च्या कायद्यांत विभागाचें कुलूप हें संरक्षणास पात्र असलेल्या उपायांतून वगळलें. भारताच्या स्वामित्वहक्क कायद्यांत २०१२ सालीं ६५–अ हें कलम आलें. हक्काच्या रक्षणासाठीं लावलेला यांत्रिक उपाय जो हक्कभंग करण्याच्या उद्देशानें मोडील, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊं शकतो. 'उद्देशानें' हा शब्द महत्त्वाचा आहे. नक्कल करून विकणारा आणि मुलीनें पाठविलेली तबकडी पाहूं इच्छिणारा बाप, यांना कायद्यानें एका पंक्तीला बसविलेलें नाहीं.

शेवटीं व्यापारानेंच हा खटाटोप आंवरता घेतला. २००६ सालीं ब्लू-रे तबकडी आली, तेव्हां सहाचे तीन विभाग झाले, आणि भारत तिसऱ्यांत, रशिया व चीन यांच्या सोबत, गेला. २०१६ सालीं तिची अधिक सूक्ष्म आवृत्ति निघाली, तींत विभागच नाहींत. मापांचा जुना भेदहि त्याच सुमारास मावळला. अमेरिकेनें १२ जून २००९ रोजीं जुन्या पद्धतीचें पूर्ण शक्तीचें प्रक्षेपण थांबविलें, आणि २०२२ पर्यंत दूरदर्शनचींहि तसलीं बहुतेक सर्व केंद्रें बंद झालीं. आजचा पडदा ५० आणि ६० हे दोन्ही आंकडे निमूटपणें वाचतो.

तथापि सरहद्द नाहींशी झाली असें समजणें भोळेपणाचें ठरेल. तिनें जागा बदलली आहे. चित्रपट आतां तारेंतून वा आकाशांतून येतो, आणि 'हा कार्यक्रम तुमच्या देशांत उपलब्ध नाहीं' अशी पाटी पाहणाऱ्याच्या पत्त्यावरून ठरते. तबकडीचें कुलूप निदान घरांतील वस्तूवर होतें. ती वस्तु मालकीची होती. आज ना उद्यां योग्य यंत्र मिळालें तर ती बोलती करतां येई. नव्या व्यवस्थेंत घरीं कांहींच येत नाहीं. वर्गणी संपली, किंवा कंपनीचा करार संपला, कीं पाहिलेलें चित्रहि परत पाहतां येत नाहीं.

आणि जुन्या मापांचा एक प्रश्न पुष्कळ घरांच्या कपाटांत अजून पडून आहे. १९८० नंतरच्या लग्नांच्या, मुंजींच्या, आजी-आजोबांच्या बोलण्या-हंसण्याच्या चित्रफिती पाल मापाच्या आहेत, आणि त्या वाचणारीं यंत्रें दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. फुनाय या जपानी कंपनीनें २०१६ च्या जुलैंत असलीं यंत्रें करणें थांबविलें, आणि त्याबरोबर त्यांचें उत्पादन जगांतून संपलें. फितीवरील लोहकणांचा थरहि काळानें व दमटपणानें झिजतो. पावसाळ्यांत तीवर बुरशी धरते. या फिती संगणकांत उतरवून घ्यावयाच्या असतील तर तें लौकर केलें पाहिजे, आणि करतांना एक काळजी घेतली पाहिजे: त्या पाल वाचणाऱ्या यंत्रावरून, मूळच्या २५ चित्रांच्या मापांतच उतराव्या. अमेरिकेंतील मुलीसाठीं म्हणून त्यांचें दुसऱ्या मापांत रूपांतर करूं नये. तसें करण्यांत चित्राचा कस उगाच जातो, आणि आजचा तिचा संगणक पाल माप सहज दाखवूं शकतो. उतरविलेल्या प्रती दोन निराळ्या ठिकाणीं ठेवाव्या, आणि मूळ फीत टाकूं नये.

व्यापाराच्या चित्रपटांची चिंता करावयास कंपन्या समर्थ आहेत. घरच्या चित्रांना मात्र ना विभाग आहे, ना कुलूप, ना रखवालदार. त्यांना भेद आहे तो केवळ मापाचा, आणि तो पार करण्याचें साधन आज तरी हातांत आहे. तीं यंत्रें चालत आहेत तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.